तोलेंतीनोचे धन्यवादित थॉमस : ठाण्याच्या भूमीवरील रक्तसाक्षी

इटलीच्या मार्के प्रांतात, किएन्ती नदीच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या कुशीत तोलेंतीनो हे जुने नगर वसले आहे. आमच्या मुरगूडला जशी वेदगंगा, तशी या नगराला किएन्ती. तिच्यावर १२६८ साली बांधलेला दगडी पूल आजही उभा असून लोक त्याला सैतानाचा पूल म्हणतात. यात्रेकरू येथे येतात ते मुख्यतः संत निकोलस यांच्या बासिलिकेसाठी. ऑगस्टिनियन संघाचे हे धर्मगुरू सुमारे तीस वर्षे याच नगरात राहिले, घरोघरी जाऊन आजाऱ्यांना भेटले आणि १३०५ साली येथेच प्रभूच्या घरी गेले. शुद्धिस्थळातील आत्म्यांचे कैवारी म्हणून ते सर्वत्र ओळखले जातात. त्यांच्या बासिलिकेतील मोठ्या चॅपेलच्या भिंती चौदाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत.

नगराचे कॅथेड्रल मात्र संत कातेर्वो यांच्या नावाचे आहे. रोमन काळातील या ख्रिस्ती उमरावाची चौथ्या शतकातील कोरीव दगडी शवपेटी तेथे आहे. त्याच कॅथेड्रलमध्ये आणखी एक पवित्र अवशेष जपला आहे, आणि आम्हा मराठी ख्रिस्ती जनांचा या दूरच्या नगराशी संबंध येतो तो त्यामुळे. तो अवशेष म्हणजे धन्यवादित थॉमस यांचे मस्तक. हे थॉमस जन्मले तोलेंतीनोत आणि त्यांचे रक्त सांडले आमच्या ठाण्यात. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईपासून कोल्हापूरपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या हौतात्म्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी याच किनाऱ्यावर चार फ्रान्सिस्कन बंधूंनी प्राण दिले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

थॉमस यांचा जन्म तेराव्या शतकाच्या मध्यानंतर केव्हातरी झाला. तरुणपणीच ते असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या संघात दाखल झाले. त्या वेळी संघात मोठी खळबळ माजली होती. संस्थापकांनी शिकवलेले निष्कांचन जीवन अक्षरशः पाळावे, की वाढत्या संघाच्या गरजेप्रमाणे मठ, धान्याची कोठारे आणि मालमत्ता ठेवण्यास मुभा असावी, हा वादाचा विषय होता. १२७४ च्या लिओन धर्मपरिषदेनंतर भिक्षुसंघांवर मालमत्ता स्वीकारण्याची सक्ती होणार अशी वार्ता पसरली, तेव्हा मार्के प्रांतातील काही बंधूंनी ती मान्य करण्यास साफ नकार दिला. त्यांत थॉमस होते, पुढे प्रसिद्धीस आलेले आंजेलो क्लारेनो होते. वरिष्ठांनी या बंधूंना बंडखोर ठरवले व बेड्या घालून कोठडीत टाकले. त्यांना साक्रामेंतांपासूनही वंचित ठेवण्यात आले. संत निकोलस नगरातील गोरगरिबांच्या दारी फिरत होते त्याच काळात त्यांच्या नगराचा हा पुत्र स्वतःच्या संघाच्या तुरुंगात बसला होता. संतचरित्रे लिहिताना हा भाग वगळण्याचा मोह होतो. परंतु आमच्या मते तो वगळला तर थॉमस कळतच नाहीत. परक्यांच्या हातून मरण येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्याच माणसांच्या हातून यातना सोसल्या होत्या, आणि तरीही त्यांनी ना ख्रिस्तसभा सोडली ना आपले व्रत.

१२८९ साली रेमंड जोफ्रुआ हे संघाचे प्रमुख झाले. त्यांनी या बंदींची चौकशी केली आणि गरिबीवर अतिरेकी प्रेम करणे हाच यांचा गुन्हा असेल तर तो सर्वांनीच करावा अशा अर्थाचा निर्वाळा देऊन त्यांना मुक्त केले. त्याच सुमारास आर्मेनियाचे राजे हेथुम दुसरे यांनी धर्मसेवक मागितले होते. सुटलेल्या बंधूंची रवानगी तिकडे झाली. १२९१ मध्ये आक्रे पडले आणि आर्मेनियावरील संकट वाढले, तेव्हा राजाने थॉमस यांना दूत म्हणून पोपमहाशय निकोलस चौथे आणि फ्रान्स व इंग्लंडचे राजे यांच्याकडे पाठवले. काल ज्याच्या पायांत बेड्या होत्या तो आज राजदरबारी उभा होता. मदत मात्र फारशी मिळाली नाही.

पुढे चीनमध्ये खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, येथे एकाकी कार्य करणाऱ्या मोन्तेकोर्विनोच्या योहान यांची पत्रे थॉमस यांच्या हाती आली. १३०७ साली ती त्यांनी पोपमहाशय क्लेमेंत पाचवे यांच्यापुढे मांडली. परिणामी योहान खानबालिकचे आर्चबिशप झाले आणि त्यांच्या मदतीसाठी सात बिशप रवाना करण्यात आले. त्यांपैकी तिघेच तेथवर पोहोचले.

थॉमस यांनाही चीनला जायचे होते. साठीच्या घरात असताना त्यांनी होर्मुझ बंदरातून प्रस्थान ठेवले. सोबत पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि पूर्वेकडील भाषा जाणणारे तिफ्लिसचे बंधू दमित्री होते. डॉमिनिकन संघाचे फादर जॉर्डनही बरोबर होते. जायचे होते केरळच्या कोल्लमला. पण गलबत ठाण्याला लागले. ठाण्यावर तेव्हा नुकताच दिल्लीच्या सलतनतीचा अंमल बसला होता. तेथील एका पूर्व सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबाने या पाहुण्यांना आसरा दिला. फादर जॉर्डन यांना फारसी येत असल्यामुळे ते भडोचकडील ख्रिस्ती लोकांना भेटण्यास पुढे गेले.

पुढील हकीकत ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तान्तातून कळते. यजमानाचे पत्नीशी भांडण झाले व त्याने तिला मारहाण केली. तिने काझीकडे दाद मागितली आणि घरी उतरलेले भिक्षू साक्षीदार असल्याचे सांगितले. त्यावरून बंधूंना बोलावणे आले. पीटर सामानाची राखण करण्यास मागे थांबले. एका मारहाण झालेल्या स्त्रीच्या फिर्यादीतून या हौतात्म्याची सुरुवात झाली, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

दरबारात मूळ फिर्याद बाजूला राहिली आणि धर्माविषयी वाद सुरू झाला. मुहंमद पैगंबरांविषयी काय वाटते, असे काझीने वारंवार विचारले, तेव्हा थॉमस यांनी आपले मत आडपडदा न ठेवता, कठोर शब्दांत सांगितले. आज शेजारी म्हणून एकत्र नांदणाऱ्या समाजांत कोणी तसे बोलणार नाही, बोलूही नये. त्या बंधूंना प्रथम रखरखत्या उन्हात उभे करण्यात आले, मग जेम्स यांना अग्नीत लोटण्यात आले. ते त्यातून सुखरूप बाहेर आले असे वृत्तान्त सांगतो. नगराच्या अधिकाऱ्याने, म्हणजे मलिकने, त्यांना सोडून खाडीपलीकडे जाण्यास सांगितलेही होते. परंतु काझीच्या आग्रहाने त्याचे मन पालटले आणि रात्री मारेकरी धाडण्यात आले. ९ एप्रिल १३२१, झावळ्यांच्या रविवारापूर्वीचा गुरुवार. थॉमस, जेम्स व दमित्री यांचा वध झाला. पीटर यांचा दोन दिवसांनी, छळ करून, शेवट करण्यात आला. दिल्लीच्या सुलतानाला हे कळताच त्याने मलिकला देहदंड दिला, असेही ओदोरिक नमूद करतात. याचा विसर पडू नये. अन्यायाची दखल घेणारा तो राज्यकर्ताही मुसलमानच होता.

फादर जॉर्डन यांनी एका जिनोव्हावासी तरुणाच्या मदतीने देह सोपाऱ्याला नेऊन दफन केले. ज्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाचा शिलालेख आणि बौद्ध स्तूप सापडला, तेच हे प्राचीन बंदर. जॉर्डन पुढे १३२९ साली कोल्लमचे बिशप नेमले गेले. काही काळाने ओदोरिक ठाण्यास आले, त्यांनी त्या अस्थी उकरून कापडात गुंडाळल्या आणि उशाशी घेऊन जहाजाने चीनची वाट धरली. झायतून, आजचे छुआनचौ, येथील फ्रान्सिस्कन मठात त्यांनी त्या सुपूर्द केल्या. थॉमस यांना जिवंतपणी जो देश गाठता आला नाही, तेथे त्यांच्या अस्थी पोहोचल्या.

तोलेंतीनोतील त्यांच्या परंपरागत भक्तीला पोपमहाशय लिओ तेरावे यांनी १८९४ साली मान्यता दिली. त्यांचा स्मृतिदिन ९ एप्रिल हा आहे.