रोझा लक्झेम्बर्ग आणि त्यांचे कागद

रोझा लक्झेम्बर्ग यांचा जन्म १८७१ साली पोलंडमधील झामोश्च या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता. लहानपणीच्या आजारामुळे त्यांचा एक पाय कायमचा लंगडा झाला. बुद्धी मात्र तल्लख होती. १८९७ साली झ्युरिक येथे डॉक्टरेट मिळवून त्या बर्लिनला आल्या. तेथे पत्रकार, वक्त्या आणि कामगारांच्या पुढारी म्हणून त्यांनी नाव काढले.

पहिल्या महायुद्धाला रोझांनी उघड विरोध केला. युद्धाविरुद्ध केलेल्या भाषणाबद्दल १९१५ साली त्यांना एक वर्ष तुरुंगात जावे लागले. सुटून काही महिने होतात न होतात तोच, जुलै १९१६ मध्ये, त्यांना पुन्हा पकडले. या वेळी खटलासुद्धा चालवला नाही. नोव्हेंबर १९१८ पर्यंत त्या बर्लिन, व्रोंके आणि ब्रेस्लाउ येथील तुरुंगांत होत्या.

कोठडीतही त्यांची लेखणी थांबली नाही. पण लिहिलेले बाहेर कोण नेणार? हे काम माटिल्डे याकोब यांनी केले. त्याही यहुदी, बर्लिनमध्ये त्यांची टायपिंगची छोटी कचेरी होती. भेटीला येताना त्या खायचे जिन्नस आणीत आणि जाताना लिखाण लपवून नेत. १९१६ साली युनियस या टोपणनावाने निघालेली रोझांची युद्धविरोधी पुस्तिका अशीच बाहेर आली. रोझांची लाडकी मांजर मिमी हिलाही माटिल्डेंनीच सांभाळले.

१५ जानेवारी १९१९ रोजी सैनिकांनी रोझांना ठार मारून प्रेत बर्लिनच्या कालव्यात फेकले. काही महिन्यांनी ते सापडले, तेव्हा ओळख पटवायला माटिल्डेच गेल्या.

त्यानंतर वीस वर्षे माटिल्डेंनी रोझांची पत्रे व हस्तलिखिते जपली. १९३३ साली नाझी सत्तेवर आले. रोझांची पुस्तके जाळली गेली. असे कागद घरात ठेवणे, आणि तेही यहुदी बाईने, म्हणजे जिवाशी खेळच. तरी त्यांनी ते नष्ट केले नाहीत. १९३९ साली त्यांनी ते राल्फ लुट्झ या अमेरिकन प्राध्यापकांच्या हाती दिले. ते कॅलिफोर्नियातील हूवर ग्रंथालयात पोहोचले.

माटिल्डे स्वतः जर्मनीतच राहिल्या. १९४२ साली त्यांना तेरेझिनश्टाटच्या छावणीत नेले आणि १९४३ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांनी वाचवलेले कागद आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.