सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स : वैद्यकापूर्वीची दहा वर्षे

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरी दरवर्षी एक प्रसंग ओढवतो. वैद्यकीय प्रवेश हुकतो, मुलगा वा मुलगी आहारशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या पदवीकडे वळते, आणि वडीलधारी मंडळी वर्षे फुकट गेली म्हणून हळहळतात. त्या पदवीमुळे प्रवेशपरीक्षा टळत नाही, हे खरेच. तथापि ती वर्षे खरोखर फुकट जातात काय, हा विचार करताना आमच्यापुढे एका थोर पुरुषाचे चरित्र उभे राहते. ते वाचकांस सादर करीत आहो.

हॉपकिन्स यांचा जन्म २० जून १८६१ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न येथे झाला. वडिलांचे छत्र तान्हेपणीच हरपले. लहानपणी सूक्ष्मदर्शकातून समुद्रकाठचे जीव न्याहाळण्याचा त्यांना छंद होता. शाळेत मात्र मन रमले नाही. सतराव्या वर्षी शाळा सुटली व विमा कचेरीतील कारकुनी नशिबी आली. ती काही महिनेच टिकली. नंतर एका रासायनिक पृथक्करण करणाऱ्या तज्ज्ञाकडे त्यांनी तीन वर्षे उमेदवारी केली. आजोबांकडून थोडी रक्कम वारशाने मिळाली, ती त्यांनी रसायनाच्या अध्ययनास लावली. पुढे गाय्ज हॉस्पिटलमधील विषतज्ज्ञ सर टॉमस स्टीव्हन्सन यांनी त्यांस साहाय्यक म्हणून घेतले. विषप्रयोगाच्या खटल्यांत मृताच्या अवयवांतून कणभर विष शोधून काढावयाचे, असे ते काम! किंचित अशुद्धीनेही निकाल फिरतो, हा धडा त्यांस तेथे मिळाला. याच काळात त्यांनी लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी संपादन केली.

१८८८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गाय्जच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले आणि १८९४ साली वैद्य झाले. चार वर्षांनी केंब्रिजचे बोलावणे आले.

त्या काळी प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्ट, क्षार व पाणी यांत आहाराचा सारा हिशेब संपतो, अशी बहुतेकांची समजूत होती. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत एकदा प्रथिने ओळखण्याची एक नेहमीची रंगपरीक्षा फसली. दुसऱ्या कोणी बाटली बदलून काम पुढे चालविले असते. हॉपकिन्स व त्यांचे सहकारी कोल यांनी कारण शोधले : रंग येतो तो ॲसेटिक आम्लामुळे नव्हे, त्यात मिसळलेल्या ग्लायॉक्झिलिक आम्लामुळे! तोच धागा धरून १९०१ साली प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन हे द्रव्य त्यांनी वेगळे केले. मक्यातील ज्या प्रथिनात ते नसते, केवळ त्यावर ठेवलेले उंदीर जगत नाहीत. ट्रिप्टोफॅनची जोड दिल्यास अधिक दिवस तग धरतात, हे १९०६ साली त्यांनी एडिथ विलकॉक यांच्यासह दाखविले.

१९१२ सालचा प्रयोग तर सर्वश्रुत आहे. वाढत्या वयाच्या उंदरांस शुद्ध केलेले प्रथिन, चरबी, पिष्ट, साखर व क्षार दिले. त्यांची वाढ खुंटली. दुसऱ्या गटास त्याच अन्नाबरोबर रोज सुमारे ३ घन सेंटिमीटर दूध दिले. ते वाढू लागले. अठराव्या दिवशी दूध एका गटाचे काढून दुसऱ्यास दिले, तेव्हा पारडे उलटले. अन्न इतके शुद्ध नसते तर हे दिसलेच नसते, आणि तशी शुद्धी करणे हे उमेदवारीत मुरलेल्या हाताचेच काम, असे आम्हांस वाटते. एवढ्याशा दुधाने पुढे इतरांस सदैव तसाच गुण आला नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु अन्नात अत्यल्प प्रमाणात असूनही अत्यावश्यक अशी द्रव्ये असतात, हा सिद्धान्त टिकला. आज आपण त्यांस जीवनसत्त्वे म्हणतो.

१९१४ साली ते केंब्रिजचे जीवरसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९२९ सालचे नोबेल पारितोषिक त्यांस व हॉलंडचे आइकमन यांस विभागून मिळाले. १६ मे १९४७ रोजी ते निवर्तले.

केंब्रिजच्या त्यांच्या संस्थेत १९३७ साली कमला भागवत ही मराठी तरुणी संशोधनास दाखल झाली. वनस्पतींतील सायटोक्रोम सी या विषयावर काम करून १९३९ साली तिने डॉक्टरेट मिळविली. याच पुढे कमलाबाई सोहोनी. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह डाळी व कडधान्ये अभ्यासली, आणि ताडाच्या झाडापासून मिळणाऱ्या नीरेत कोणते पोषण आहे, हे तपासले.