नॉक्टर्नचा जनक : जॉन फील्ड

पियानोवरील नॉक्टर्न म्हटले की रसिकांना प्रथम शोपँ आठवतो. मात्र रात्रीची नीरव हुरहुर अवघ्या काही मिनिटांत साठवणाऱ्या या स्वररचनेला पियानोवर रूप आणि नाव दिले ते जॉन फील्ड या आयरिश वादकाने.

फील्ड यांचा जन्म २६ जुलै १७८२ रोजी डब्लिन येथे झाला. वडील व्हायोलिनवादक, आजोबा ऑर्गनवादक. वयाच्या नवव्या वर्षीच त्यांनी जाहीर मैफल केली. पुढे कुटुंब लंडनला आले आणि वडिलांनी शंभर गिनी मोजून मुलाला मुझिओ क्लेमेंटी यांच्या हाती सोपवले. क्लेमेंटी थोर वादक होते, तसेच पियानोचे व्यापारीही. शिष्याला विद्या मिळाली. पण गुरूच्या दुकानातले पियानो गिऱ्हाइकांना वाजवून दाखवण्याचे कामही त्याच्याच वाट्याला आले. १८०२ मध्ये पॅरिस आणि व्हिएन्नामार्गे दोघे सेंट पीटर्सबर्गला पोहोचले, तेव्हा तेथेही तेच काम सुरू राहिले.

क्लेमेंटी परतले, फील्ड मात्र रशियातच राहिले. उमरावांच्या दिवाणखान्यांत त्यांच्या वादनाची ख्याती पसरली. तरुण ग्लिंका यांनीही त्यांच्याकडे काही धडे घेतले.

पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि उमटलेला स्वर लगेच विरू लागतो. अशा वाद्याला गाते कसे करावे? फील्ड यांनी डाव्या हाताला दूरवर पसरलेले स्वर एकामागून एक छेडायला लावले, पेडलने त्यांचा नाद धरून ठेवला आणि त्या तरंगांवर उजव्या हाताने गळ्यातून यावी तशी सुरावट वाहू दिली. वर्षानुवर्षे वाद्याचा नाद गिऱ्हाइकाला पटवून देणाऱ्या हातांनाच ही युक्ती सुचली असावी. त्यांची पहिली नॉक्टर्न १८१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

अखेरची वर्षे मात्र कष्टाची गेली. मद्यपानाने शरीर पोखरले होते, त्यात कर्करोग जडला. उपचारांसाठी १८३१ मध्ये ते लंडनला परतले. पुढच्याच वर्षी क्लेमेंटी यांच्या अंत्ययात्रेत त्यांना सहभागी व्हावे लागले. तशाही अवस्थेत युरोपभर मैफली करत ते नेपल्सला पोहोचले आणि तेथे अनेक महिने रुग्णालयात पडून राहिले. अखेर एका रशियन कुटुंबाने त्यांना मॉस्कोला परत नेले. जानेवारी १८३७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

तोवर शोपँ यांनी हाच प्रकार अधिक गहन, अधिक व्याकुळ करून आपलासा केला होता. लिस्ट यांनी १८५९ मध्ये फील्ड यांच्या नॉक्टर्नचा संग्रह गौरवपर प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तरी लोकांच्या ओठी शोपँचेच नाव राहिले. शोपँची थोरवी निर्विवाद आहे; पण त्याचे नॉक्टर्न ऐकताना डाव्या हाताकडे कान द्यावा. सुरावटीखाली संथ वाहणारी ती लाट फील्ड यांची देणगी आहे.