हवेला कामाला लावणारे वेस्टिंगहाउस

मोटारहोम घेऊन महिनोन्‌महिने भटकणाऱ्या अमेरिकी आणि युरोपीय मंडळींची एक तक्रार ठरलेली असते: गाडी मागून बसते. व्हॅनच्या किंवा छोट्या ट्रकच्या चासीवर उभारलेल्या या फिरत्या घरात पलंग, पाण्याची टाकी, ओटा आणि मागे टांगलेल्या सायकली यांचा बराचसा भार मागच्या चाकांवर येतो. पोलादी पाटे तो बारमाही वाहतात आणि कालांतराने थकतात. मग वळणावर गाडी डुलते, खड्ड्यात आपटते. यावरचा रूढ उपाय म्हणजे पाटे न काढता त्यांच्या जोडीला, चासी आणि ॲक्सल यांच्यामध्ये, रबरी हवेच्या पिशव्या बसवणे. अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या एअर बॅगशी त्यांचा संबंध नाही. सामान वाढले की हवा भरायची, उतरले की सोडायची. गाडीला कायद्याने मान्य असलेला भार मात्र त्यामुळे वाढत नाही, हे अनेकजण सोयीस्कर विसरतात.

पोलादी पाट्यांना हवेची जोड देण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. एका जगप्रसिद्ध अभियंत्याने आयुष्याच्या उतरणीला, हातातले साम्राज्य गेल्यानंतर, ती हाती घेतली होती. त्यांचे नाव जॉर्ज वेस्टिंगहाउस.

६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज या गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा शेतीची यंत्रे बनवण्याचा कारखाना स्केनेक्टडी येथे होता. जॉर्ज यांचे शिक्षण खऱ्या अर्थाने तिथेच, लेथ आणि भट्टीच्या सहवासात झाले. अमेरिकी यादवी युद्धात ते आधी सैन्यात आणि मग नौदलात होते. युद्धानंतर महाविद्यालयात नाव घातले खरे. पण तिथे त्यांचे मन रमले नाही. १८६५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वाफेच्या चक्राकार इंजिनाचे पेटंट त्यांच्या नावावर लागले होते.

१८६६ मध्ये दोन मालगाड्यांची टक्कर त्यांच्या पाहण्यात आली. दोन्ही चालकांना समोरची गाडी दिसत होती, तरीही त्यांना वेळेत थांबता आले नव्हते. त्या काळी ब्रेक लावायचा म्हणजे ब्रेकमनने धावत्या डब्यांच्या टपांवरून पळत जाऊन एकेका डब्याचे चाक हाताने फिरवायचे. हिवाळ्यात टपावर बर्फ साचलेले असे आणि किती ब्रेकमन खाली पडून प्राणास मुकले, याची गणती नाही. सर्व डब्यांचे ब्रेक इंजिनातून एकाच वेळी लागावेत, या विचाराने वेस्टिंगहाउस यांना पछाडले. मार्ग सापडला तो एका नियतकालिकात. आल्प्समधील माँ सनी बोगदा दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांनी खोदला जात असल्याचे त्यांनी वाचले. हवा इतक्या लांब नेऊन खडक फोडता येतो, तर गाडी का थांबवता येऊ नये?

एप्रिल १८६९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पिट्सबर्गजवळच्या पहिल्याच चाचणीत रुळांवर एक घोडागाडी आडवी आली आणि आगगाडी तिच्यापासून काही फुटांवर थांबली. त्याच वर्षी कंपनी निघाली, तेव्हा संस्थापकाचे वय होते अवघे २२.

पहिल्या रचनेत एक उणीव होती. नळी तुटली की ब्रेकच नाहीसा होई. १८७२ च्या सुमारास त्यांनी हा हिशेबच उलटा केला. नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा आणि तो कमी झाला की ब्रेक लागायचा. डबे सुटले, नळी फाटली, तरी गाडी आपोआप थांबणार! पुढे १८९३ मध्ये अमेरिकेने आगगाड्यांना असे ब्रेक कायद्याने सक्तीचे केले. (ब्रिटिश वळणाच्या भारतीय रेल्वेने मात्र दीर्घकाळ निर्वात ब्रेकवरच भिस्त ठेवली.)

त्यानंतरचा काळ सर्वज्ञात आहे. निकोला टेस्ला यांची पेटंटे, एडिसन यांच्याशी झालेला विद्युतप्रवाहांचा संघर्ष, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील रोषणाई, नायगाराची वीज. वैभव शिगेला पोहोचले असतानाच १९०७ ची आर्थिक मंदी आली आणि कर्जात बुडालेली वीज कंपनी त्यांच्या हातून निसटली. १९११ मध्ये तिच्याशी उरलेला संबंधही संपला. त्याच वर्षी त्यांना मिळालेल्या सन्मानपदकाला नाव होते एडिसन यांचे. नियतीची थट्टा म्हणायची ती हीच. ब्रेकची कंपनी मात्र अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिली.

याच काळात मोटारींसाठी हवेची स्प्रिंग बनवू पाहणारे दोन संशोधक त्यांच्याकडे आले. कल्पना आकर्षक होती. पोलादी पाट्याचा ताठरपणा गाडी रिकामी असो वा भरलेली, जवळपास तोच राहतो. हवा मात्र जितकी दाबावी तितकी ताठ होते आणि दाब बदलून तिला भाराप्रमाणे जुळवता येते. अडचण गळतीची होती. एकात एक सरकणाऱ्या नळकांड्यांच्या सांध्यांतून हवा निसटे. चाळीस वर्षे हवेच्या गळतीशीच झुंजलेल्या माणसाला हे काम आवडले नसते तरच नवल. त्यांनी हवेखाली तेलाचा थर ठेवून सांधा बंद केला आणि झिरपलेले तेल गाडीच्या हेलकाव्यांनीच पुन्हा वर चढवणारा छोटा पंप आत बसवला. हे नळकांडे पाट्याच्या टोकाशी, पाटा आणि चासी यांच्या मध्ये बसे. पाटे काढायचे नाहीत, त्यांना साथ द्यायची, हे तत्त्व मोटारहोममधल्या पिशव्यांचेही आहे.

या स्प्रिंगेसाठी त्यांनी वेगळी कंपनीही काढली. पण ब्रेकला मिळालेले भाग्य तिला लाभले नाही. सरकते सांधेच नसलेली रबरी पिशवी पुढे फायरस्टोन कंपनीने विकसित केली आणि १९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या बसगाड्यांमध्ये हवेचे सस्पेन्शन आले. मुंबईत २००७ पासून धावू लागलेल्या नव्या लोकल गाड्यांचे डबेही हवेच्या स्प्रिंगांवर तोललेले आहेत.

वेस्टिंगहाउस यांनी यातले काही पाहिले नाही. १९१३ मध्ये हृदयविकाराने त्यांना गाठले आणि सतत कारखान्यात वावरणारा हा माणूस चाकांच्या खुर्चीला खिळला. तेव्हाही विजेवर चालणाऱ्या खुर्चीचा आराखडा त्यांच्या हाती होता. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या नावावर ३६१ पेटंटे जमा झाली होती. यादवी युद्धातील सैनिक म्हणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. पत्नी मार्गेरीट यांनीही त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी जगाचा निरोप घेतला.