खोती, कुळं आणि बाबासाहेब

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाचं चरित्र लिहून द्या, असं सेक्रेटरींनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक लोकमान्य असावेत. रत्नागिरीत बसून चरित्र लिहायचं म्हणजे टिळक आळी नाहीतर सावरकर, हे ठरलेलंच. मी मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लिहितो म्हटलं. ते म्हणाले, त्यांच्यावर तर सगळेच लिहितात. लिहितात खरं. पण महाड, नाशिक, पुणे करार, राज्यघटना एवढं झालं की लेख संपतो. आपल्या जिल्ह्याचा सातबारा त्यांच्यामुळे कसा बदलला, ते कुणी फारसं सांगत नाही. आणि हा विषय आपल्या सोसायटीच्या दारापर्यंत आलेला आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्या प्लॉटचं अभिहस्तांतरण किती वर्षं रखडलं होतं. मी तेव्हा खजिनदार होतो. बिल्डरच्या कागदात सगळं ठाकठीक दिसत होतं, पण जुने फेरफार काढले तेव्हा एका नोंदीत 'खोती निसबत' असे शब्द निघाले आणि पुढच्या एका नोंदीत कुळाचं नाव. झालं! कचेरीचे हेलपाटे सुरू झाले. त्या वेळी कमिटीतल्या एका तरुण सभासदानं मला विचारलं, काका, ही खोती म्हणजे नेमकं काय? मी उत्तर दिलं, पण अर्धवट दिलं. कारण एक गोष्ट सांगायला मला तेव्हा संकोच वाटला. आज ती सांगून टाकतो. आमचं घराणं खोताचं. संगमेश्वर तालुक्यातल्या एका लहान गावात आमची चार आणे खोती होती.

खोती म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. देशावर रयतवारी होती, म्हणजे शेतकरी आपला सारा थेट सरकारात भरायचा. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत, सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत होता. गावचा सारा त्यानं सरकारात भरायचा आणि कुळांकडून स्वतः वसूल करायचा. वसूल करायचा तो धान्यात. कुणी अर्धेल देई, कुणी तिर्धेल. भात झोडून झालं की निम्मं भात खोताच्या कोठारात. सरकारी सारा किती आणि खोताची वसुली किती यांचा मेळ नसे, मधला फरक हे खोताचं उत्पन्न. शिवाय वेठ होती. खोताच्या शेतावर नांगर धरायचा, पालखीला खांदा द्यायचा, घरच्या कार्याला लाकडं फोडायची, आणि ह्याचे पैसे नाहीत. कुळानं बांधावर फणस लावला तरी त्याच्यावर हक्क कोणाचा ह्यावरून भांडण. इंग्रजांनी १८८० साली खोतीचा कायदा केला, त्यात काही कुळांना थोडं संरक्षण मिळालं, पण खोत तिथेच राहिला. उलट कायद्यानं त्याचे हक्क कागदावर पक्के झाले.

आता चरित्राकडे वळतो. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. पण त्यांचं मूळ गाव आपल्या जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहिलं, तिथून साताऱ्याला गेलं. दापोलीला कॅम्प दापोली का म्हणतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, लष्करी पेन्शनरांची तिथे वस्ती होती. पत्नी रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. म्हणजे माहेर, सासर दोन्ही रत्नागिरी जिल्हा.

पुढचं शिक्षण सर्वांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली मुंबईत बी. ए., १९१३ साली बडोद्याच्या गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. मी आयुष्यभर बँकेत काढलं, त्यामुळे मला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध जास्त जवळचा. त्यावर १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. दोनच वर्षांनी हिल्टन यंग कमिशन आलं तेव्हा त्याच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली असं हल्ली सांगतात, ते मला जरा जास्त वाटतं. कमिशननं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि बँक १९३५ साली निघाली, मधे बऱ्याच घडामोडी झाल्या. पण चलनाचा एवढा अभ्यास केलेला माणूस शेतसाऱ्याच्या आकड्यांकडे बघतो तेव्हा तो नुसता भावनेनं बघत नाही, हे ध्यानात घ्यायला हवं.

परत आल्यावर बॅरिस्टरी, बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ साली महाडचं चवदार तळं. ह्या सत्याग्रहाच्या मुळाशीही एक ठराव आणि एक कायदेमंडळ होतं, हे आपण विसरतो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव पास करून घेतला होता की, सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनं त्याप्रमाणे तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावरचं पाणी कुणाला पिता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते हा कागद खरा करायला. मग कोर्टकज्जे झाले, ते दहा वर्षं चालले, आणि १९३७ साली हायकोर्टात निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

ह्याच सुमारास ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले. तिथे १९२८ साली त्यांनी महार वतनाचं बिल मांडलं. सरकारी नोकर, पण पगार जवळपास नाही, दिवसरात्र राबायचं आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं, ही ती वतनदारी. बिलाला इतका विरोध झाला की ते मागे घ्यावं लागलं. १९२९ च्या एप्रिलात ते चिपळूणला परिषदेसाठी आले. तिथे अस्पृश्यांच्या प्रश्नाबरोबर खोतांच्या जाचाचाही विषय त्यांनी घेतला. ह्यात एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. खोतीखाली भरडलेली कुळं फक्त महार नव्हती. कुणबी होते, आगरी, भंडारी, मुसलमान, सगळेच होते. आणि खोतही एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान होते. हा प्रश्न जातीचा जेवढा, तेवढाच पोटाचा होता, आणि तो त्यांनी तसाच हाताळला. त्यांचे जवळचे सहकारी अनंतराव चित्रे जातीनं कायस्थ प्रभू, आणि ते कोकणातल्या कुळांमध्ये काम करत फिरत होते. तिकडे अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी १९३३ पासून संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण सहा वर्षं मागे हटले नाहीत.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर ते मुंबई विधानसभेत आले. पुण्याच्या अधिवेशनात १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. मी ते बिल नोकरीत असताना एका लायब्ररीत वाचलं. खोताला देशोधडीला लावा, असं त्यात कुठंही नाही. खोत मधून काढावा, प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखाली कब्जेदाराचा दर्जा द्यावा, त्यानं सारा थेट सरकारात भरावा, आणि खोताचे जे हक्क जातील त्यांची वाजवी भरपाई त्याला द्यावी. बँकेत आम्ही ज्याला मधली कडी काढणं म्हणायचो, तसंच हे.

माझ्या लहानपणी घरात ह्याच्या उलटं ऐकलं होतं. आजोबांच्या बोलण्यात बाबासाहेबांचं नाव आलं की आवाज चढायचा. त्यांच्या मते आमची खोती ह्या माणसानं घालवली. ते स्वभावानं वाईट नव्हते, कुळांच्या लग्नात नारळ द्यायचे, दुखण्याखुपण्यात जायचे. पण वेठ त्यांना वेठ वाटतच नव्हती, ती रीत वाटायची. आमच्या माजघरात भात मोजायचं एक जुनं माप होतं. घेताना एक आणि देताना दुसरं, अशी दोन मापं असतात हे मला बँकेत गेल्यावर, वजनमापाच्या एका तक्रारीत कळलं. तेव्हा घरचं ते माप आठवलं. दुसरं माप आमच्याकडे होतं की नाही, हे विचारायला तोवर आजोबा उरले नव्हते.

बिल मांडलं, पण ते पुढे सरकेना. मुख्यमंत्री, त्या वेळच्या भाषेत पंतप्रधान, होते बाळासाहेब खेर. त्यांचा जन्मही रत्नागिरीचाच. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. सुमारे वीस हजार माणसं होती, बरोबर इंदुलाल याज्ञिक, शामराव परुळेकर अशी डावीकडची मंडळी होती. तेव्हा आजच्यासारखा महामार्ग नव्हता, आपल्याकडची माणसं बंदरावर येऊन बोटीनंच मुंबई गाठायची. शिष्टमंडळ खेरांना भेटलं. पण खोती काही हलली नाही. १९३९ साली एक कूळकायदा झाला, त्यात संरक्षित कूळ हा शब्द आला, तोही सुरुवातीला मोजक्याच भागाला लागू. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, काँग्रेस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि बाबासाहेबांचं बिल तिथेच राहिलं.

पण बिल गेलं तरी विषय गेला नव्हता. स्वातंत्र्यानंतर खेर पुन्हा मुख्यमंत्री होते. १९४८ साली मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला आणि त्यापाठोपाठ खोती नाहीशी करण्याचा कायदा, जो १९५० पासून अमलात आला. म्हणजे जे १९३७ साली जमलं नाही ते बारा-तेरा वर्षांनी जमलं, आणि मुख्यमंत्रीही तेच. मजा बघा. त्या दिवसांत बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री होते, घटना समितीच्या मसुद्याचं काम नुकतंच संपलेलं.

आता वकील मंडळींनाही पुष्कळदा माहीत नसतं ते सांगतो. असे जमीन सुधारणेचे कायदे झाल्यावर देशभरातले जमीनदार कोर्टात गेले. मालमत्तेच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला नववी अनुसूची जोडली. तिच्यात सुरुवातीला फक्त तेरा कायदे होते. सहाव्या क्रमांकावर आहे मुंबईचा खोती निर्मूलन कायदा, १९५० चा सहावा. ही दुरुस्ती संसदेत आली तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. चौदा वर्षांपूर्वी ज्याचं बिल पुण्यात अडलं, त्याच माणसाच्या काळात खोतीचा शेवट घटनेच्या आडोशाला जाऊन बसला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, पण ते हिंदू कोड बिलावरून, आणि ती गोष्ट वेगळी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत ते गेले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिन आला. त्या दिवशी कसणारी कुळं कायद्यानं जमिनीची मालक मानली गेली. वतनं जायला मात्र १९५८ चा कायदा उजाडला, म्हणजे त्यांच्या पहिल्या बिलानंतर तीस वर्षं.

पुढचं मी स्वतः पाहिलं. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली तेव्हा मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत होतो. आंबा-काजूच्या बागा वरकस जमिनीवर उभ्या राहायला लागल्या. अनुदानासाठी काय लागायचं? सातबाऱ्यावर नाव. कर्जासाठी काय लागायचं? तेच. माझ्या टेबलासमोर जे कुणबी, बौद्ध शेतकरी बसायचे त्यांच्यातल्या पुष्कळांच्या सातबाऱ्यावर जुन्या खोती कायद्याची आणि कूळकायद्याची नोंद असायची. ती नसती तर कलमं, खत, आंब्याच्या पेट्या, टेम्पो, ह्यांपैकी काहीच त्यांच्या नावावर झालं नसतं. एकदा आमच्याच गावचं एक कूळ आलं, म्हणजे आता कूळ नव्हे, मालक. फॉर्मवर माझं आडनाव वाचून तो थबकला. मग म्हणाला, साहेब, तुमी आमच्या खोतांचे नातू काय? मी हो म्हटलं. तो खुर्चीवरून उठायला लागला. मी त्याला बसवलं आणि प्रकरण मंजूर केलं. कागद चोख होते, माझा त्यात उपकार काही नव्हता.

सगळं गोड झालं असंही नाही. भावाभावांच्या वाटण्या होऊन सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावं झाली, त्यातली निम्मी मुंबईत. कर्जाला सगळ्यांच्या सह्या मिळेनात. कुळांच्या जमिनीच्या विक्रीवर तेव्हा कलम ४३ ची अट होती, त्यामुळे कुणाला मुलाच्या शिक्षणासाठी तुकडा विकायचा तर परवानगीसाठी चपला झिजवाव्या लागायच्या. ज्यांची नोंद १९५७ च्या आधी लागलीच नाही ती कुळं तशीच राहिली, आणि त्यांत ज्यांना वाचता येत नव्हतं असेच जास्त. आमच्या आजोबांनी एका कुळाकडून जमीन सोडल्याचा कागद करून घेतला होता. वडिलांनी तो पुढे स्वतःहून रद्द केला, त्यावरून घरात दोन वर्षं अबोला होता.

आपल्या प्लॉटचं शेवटी काय निघालं, तेही सांगतो. नोंदीतल्या कुळाच्या वारसांनी रीतसर परवानगीनं जमीन विकली होती, फक्त परवानगीचा आदेश फेरफारला जोडलेला नव्हता. तो मिळाला, आणि आपलं अभिहस्तांतरण झालं. त्या वारसांपैकी एकजण आपल्या बी विंगमध्येच राहतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं स्वतः कधी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही इथे नाव देत नाही. आदेशाची प्रत सोसायटीच्या ऑफिसात हिरव्या फायलीत आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा यावं, चावी माझ्याकडे असते.