ॲन्थनी गोन्साल्विस : एका नावामागील संगीतसाधक

१९७७ साली आलेल्या ‘अमर अकबर ॲन्थनी’ या चित्रपटातील गीतामुळे ॲन्थनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोहोचले. मात्र या नावाचे थोर संगीतकार खरोखर होऊन गेले, हे अनेकांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली त्यांचा जन्म झाला. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख असल्याने संगीताचे धडे घरीच मिळाले. १९४३ साली मुंबईस येऊन ते नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल व राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य.

राग एकाच स्वरधारेने फुलतो, तर सिंफनीत अनेक स्वर एकत्र उमटतात. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्यांनी १९५८ साली सुमारे ११० वादकांचा वाद्यवृंद उभारला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खुल्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यातील अतिथी गायक होते.

हा प्रयोग मात्र फार काळ टिकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे ते माजोर्ड्यास परतले आणि प्रसिद्धीपासून दूर राहिले. चित्रपटातील त्या नावाच्या रूपाने प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंना मानवंदना दिली होती.

१८ जानेवारी २०१२ रोजी ते निवर्तले. ते गीत यापुढे कानी पडेल तेव्हा चर्चच्या गायनवृंदातून घडलेल्या या साधकाचे आपण कृतज्ञतेने स्मरण करू या.