दोन नावांचा एक माणूस

आमच्या घरी माळवदावरच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे. आजोबांचा सेलूला लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो की जत्रा, झाडाला भोंगा बांधायचा आणि तबकड्या लावायच्या. धंदा बसला तेव्हा त्यांनी ग्रामोफोन विकला, तबकड्या मात्र ठेवल्या. त्यांतल्या ‘अलबेला’च्या एका तबकडीवर मी लहानपणी नावे वाचली होती. संगीतकार सी. रामचंद्र, गायक लता मंगेशकर आणि चितळकर. यांतला पहिला आणि शेवटचा हा एकच माणूस, हे आजोबांनी सांगितले तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती.

आज ती गंमत राहिलेली नाही. मी कॉलेजात संगीत विषय घेऊन बी.ए. करतो आणि लगीनसराईत एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. सकाळी भीमपलास, रात्री वरात. गेल्या स्नेहसंमेलनात एका जाणकाराने मला सर्वांसमक्ष विचारले, की या पाश्चात्त्य ठेक्यांच्या उसनवारीला संगीत म्हणायचे का? मला उत्तर सुचले नाही. ते शोधताना मी पुन्हा त्या पेटीपाशी गेलो.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी, नगर जिल्ह्यातील पुणतांबे या गोदाकाठच्या गावी झाला. तीच गोदा पुढे आपल्या गंगाखेडला येते. गाण्याचे शिक्षण त्यांनी नागपूरला आणि नंतर पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे घेतले. पाया असा पक्का होता. मनात मात्र नट होण्याची हौस. ‘नागानंद’ या बोलपटात त्यांना नायकाचे काम मिळाले, पण चित्रपट पडला. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते हार्मोनियमवर साथ करू लागले. पडद्यावरचा नायक पडद्यामागच्या पेटीवर आला! दुसरा कोणी खचला असता. त्यांनी मात्र तेथेच बसून चित्रपटाला चाल कशी लागते ते शिकून घेतले. १९४२ साली मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने त्यांना हिंदीत संगीतकार केले.

त्या काळी मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजत असे आणि वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे असत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवणाऱ्या या कलावंताला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, अशा वादकांना जवळ केले. १९४७ च्या ‘शहनाई’तल्या रविवारच्या गाण्यात गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ एकत्र आली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. स्वातंत्र्य यायला सप्टेंबर १९४८ उजाडायचा होता. १९५१ साली ‘अलबेला’ आला. त्यात चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. १९५७ च्या ‘आशा’तल्या निरर्थक अक्षरांच्या गाण्याने तर रॉक अँड रोल घराघरांत नेला.

ही उसनवारी होती काय? काही ठिकाणी होती. ‘समाधी’तल्या एका गाण्यामागे अमेरिकन चित्रपटातली चाल आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. पण याच माणसाने १९५३ साली ‘अनारकली’त भीमपलास आणि बागेश्री असे काही बांधले, की रागाचे नाव ठाऊक नसलेलाही स्तब्ध व्हावा. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या युद्धानंतर, पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी गायिलेल्या कवी प्रदीपांच्या गीताची चालही त्यांचीच. तेथे ट्रम्पेटचा दिमाख नव्हता, साधा शोक होता. ज्याला दोन्ही येते त्याला उसने घेणारा म्हणून मोकळे होता येत नाही.

पुढे काळ फिरला. नवे संगीतकार आले, हिंदीतले काम कमी झाले. १९७० साली मराठी ‘घरकुल’ने त्यांचे नाव पुन्हा महाराष्ट्राच्या ओठी आणले. १९७७ साली आत्मचरित्र आले आणि ५ जानेवारी १९८२ रोजी अण्णा गेले. त्यांची गाणी मात्र नवनवे कपडे घालून येत राहिली. तीन मिनिटांच्या तबकडीवरून एल.पी.वर, तेथून कॅसेटवर, मग सी.डी.वर आणि आता मोबाईलमध्ये.

माझ्याजवळ ‘अलबेला’ची जुनी तबकडीही आहे आणि नंतरची कॅसेटही. दोन्हींवर संगीतकार आहे, गायक आहेत. ट्रम्पेटवाला कोठेच नाही. अण्णांना दोन नावे मिळाली. त्यांच्या मागे बसलेल्यांना तेथे एकही नाही. जाणकारांच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला आता मोठा वाटतो. संगीत उसने घेतले का, हे विचारताना ते ज्यांच्या श्वासातून आले त्यांना आपण विसरतो.

परवा मानवतला वरात होती. आमच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले काका तीन वर्षे माझ्याशेजारी वाजवीत आहेत. त्या रात्री मी प्रथमच त्यांना त्यांचे पूर्ण नाव विचारले आणि वहीत लिहून घेतले. काका हसले, आणि पुढचे गाणे त्यांनी ‘अलबेला’चे धरले.